ज्ञानाची स्पर्धा, सोडतीचा कर

आयकर कायद्यातील उत्पन्नाच्या व्याख्येत सोडत, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे खेळ आणि जुगार हे सारे एकाच पंगतीत बसलेले आहेत. २००१ च्या वित्त अधिनियमाने या पंगतीत आणखी एक पान वाढले. दूरचित्रवाणीवर लोक बक्षिसासाठी स्पर्धा करतात असा कोणताही कार्यक्रम त्या व्याख्येत येईल, असे स्पष्टीकरण जोडले गेले. आदल्याच वर्षी, ३ जुलै २००० रोजी, ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला होता. आपले कायदे इतक्या तत्परतेने क्वचितच जागे होतात.

हा कार्यक्रम घडवणारे निर्माते सिद्धार्थ बसू. त्यांच्या कारकिर्दीकडे आपण करमणुकीचा विषय म्हणून पाहतो. मला मात्र ती धोरणाच्या अभ्यासकांनी पाहावी अशी वाटते, कारण ज्या गुणांवर त्यांनी आपले कार्यक्रम उभे केले, त्या माहिती, स्मरण आणि सावधपणाला राज्यसंस्थेने नशिबाच्या रकान्यात टाकले.

बसू मूळचे दिल्लीच्या इंग्रजी रंगभूमीवरचे, बॅरी जॉन यांच्या ‘थिएटर ॲक्शन ग्रुप’मधले. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ आला, तेव्हा घराघरांत दूरदर्शनखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. महाविद्यालयांचे संघ, इंग्रजी प्रश्न आणि समोर नेमक्या उच्चारांचे, किंचित कडक असे सूत्रसंचालक बसू. प्रश्नमंजूषा त्या काळी शहरी, इंग्रजी शिकलेल्या मुलांची मिरासदारी होती. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. पुढे दहा वर्षांनी बीबीसी वर्ल्डवर ‘मास्टरमाइंड इंडिया’ आला. त्यातील ती काळी खुर्ची अनेकांना आठवत असेल, पण तो कार्यक्रमही मोजक्यांचाच राहिला.

‘करोडपती’ने ही वर्गरेषा ओलांडली. मूळ आराखडा ब्रिटनचा, १९९८ चा. त्याला हिंदी रूप देताना अमिताभ बच्चन यांच्या आवाजाचा वाटा मोठा होता हे खरेच. परंतु निर्मात्याची करामत प्रश्नांच्या उतरंडीत असते. पंधरा प्रश्न, पाचव्यानंतर दहा हजार आणि दहाव्यानंतर तीन लाख वीस हजार रुपये सुरक्षित. पहिले प्रश्न शाळकरी मुलालाही सुटावेत असे, म्हणजे घरी बसलेला माणूस उत्तर देऊ लागतो. आणि मग चढण हळूहळू वाढत जाते. नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत १९७९ पासून पर्यायी उत्तरांची पद्धत आहे. माझ्या पिढीतील अधिकारी त्याच दारातून आत आले. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे, तरीही विश्वसनीय वाटतील असे शोधणे किती कष्टाचे असते, हे भरती परीक्षा घेतलेल्यांना विचारावे. सरकारी परीक्षेत वादग्रस्त उत्तराचा निकाल लागायला न्यायालयात वर्षे जातात. इथे तो कॅमेऱ्यासमोर, क्षणात आणि निर्विवाद लागावा लागतो.

प्रवेशाचे दार होते दूरध्वनी. त्या वर्षी देशात शंभर माणसांमागे जेमतेम तीन दूरध्वनी जोडण्या होत्या, म्हणजे ही समान संधी बरीचशी कागदावरचीच. तरीही कोण आले ते पाहावे. पहिले कोट्यधीश ठरले मुंबईचे हर्षवर्धन नवाथे. ते तेव्हा नागरी सेवा परीक्षेचीच तयारी करत होते. २०११ मध्ये पाच कोटी जिंकणारे मोतीहारीचे सुशील कुमार रोजगार हमी योजनेत अल्प वेतनावर संगणकचालक होते. २००१ मध्ये मुलांच्या आवृत्तीत एक कोटी जिंकणारा चौदा वर्षांचा रवी मोहन सैनी पुढे भारतीय पोलीस सेवेत दाखल झाला. अभ्यासाच्या शिदोरीवर आलेली ही माणसे सोडतीचे तिकीट काढणाऱ्यांच्या ओळीत कशी बसतात, हे मला कधी उमगले नाही.

याचा अर्थ या कार्यक्रमाभोवती नशिबाचा खेळ नव्हताच असा नाही. २००७ च्या पर्वात प्रेक्षकांसाठी वेगळी स्पर्धा होती: पडद्यावरील प्रश्नाचे उत्तर २ रुपये ४० पैशांच्या लघुसंदेशाने पाठवायचे आणि बरोबर उत्तरांतून विजेता निवडला जायचा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला अनुचित व्यापारी प्रथेबद्दल एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो आदेश रद्द केला. निकाल काहीही असो, खुर्चीवरचा स्पर्धक आणि संदेश पाठवणारा प्रेक्षक यांच्यातला फरक कोणालाही दिसावा. एक उत्तरामागून उत्तर देत वर चढतो, दुसरा निवड होण्याची वाट पाहतो.

असा फरक करणे आपल्या न्यायव्यवस्थेला नवे नाही. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कायद्यातून उद्भवलेल्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले होते की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे. कर आकारताना ही रेषा पुसली गेली. संसदेचे लक्ष अशा कार्यक्रमांकडे जात नाही असेही नाही. बसू यांच्याच संस्थेच्या ‘सच का सामना’वरून २००९ मध्ये राज्यसभेत गदारोळ झाला आणि मंत्रालयाने वाहिनीला नोटीसही धाडली. (तो कार्यक्रम मला स्वतःला मुळीच रुचला नव्हता, माणसाची खासगी लाज विकण्यात कसले आले ज्ञान?) नीतीवर तावातावाने बोलणाऱ्या सभागृहाला कराच्या व्याख्येवर मात्र बोलावेसे वाटले नाही.

त्या व्याख्येची झळ कोट्यधीशांना फारशी लागत नाही. पाच कोटींवर तीस टक्क्यांनी दीड कोटी कर जातो; सर्वसाधारण दराने गेला असता त्याहून फार कमी नव्हे. झळ लागते ती मधल्या पायरीवर थांबणाऱ्यांना. बक्षिसावर सरसकट तीस टक्के, मूळ सवलतीची मर्यादा नाही, खर्चाची वजावट नाही. गंमत अशी की शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकाला मात्र खर्चाची वजावट कायद्यानेच दिलेली आहे. २०११-१२ चे उदाहरण घ्या. दुसरे कोणतेही उत्पन्न नसलेल्या तरुणाने तीन लाख वीस हजार जिंकले, तर पगारदाराच्या दराने त्याचा कर चौदा हजार झाला असता. प्रत्यक्षात तो शहाण्णव हजार झाला, उपकर निराळा.

लघुसंदेशांच्या सोडती सोडतीच्याच रकान्यात राहू द्याव्यात. खुर्चीवर बसून उत्तरे देऊन मिळवलेले बक्षीस सर्वसाधारण दराच्या टप्प्यांत आणावे. महसूल विभाग म्हणेल की उगमस्थानीच तीस टक्के कापणे सोपे पडते. कापावेत, जादा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागण्याची वाट तेवढी त्या तरुणासाठी उघडावी.