झाड तोडावे की राखावे? वृक्षतज्ज्ञाला विचारा!

पावसाळा तोंडावर आला की गृहनिर्माण संस्थांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे आवारातील झाडांचा. कुणाच्या खिडकीत फांदी शिरलेली असते, कुणाच्या गाडीवर पक्ष्यांची विष्ठा पडत असते, तर कुणाला मागच्या वर्षीच्या वादळाची आठवण अस्वस्थ करीत असते. ‘एकदाचे तोडून टाका’ असे म्हणणारा एक गट आणि ‘हात लावाल तर याद राखा’ म्हणणारा दुसरा गट, असे चित्र बहुतेक ठिकाणी दिसते. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला असतो. उणीव असते ती माहितीची. त्या झाडाची प्रकृती खरोखर कशी आहे, हे दोघांपैकी कुणीच तपासलेले नसते.

हा प्रश्न थोड्या लोकांपुरता नाही. मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये पूर्ण केलेल्या वृक्षगणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. त्यांपैकी सुमारे १५ लाख ६३ हजार झाडे खासगी आवारांत आहेत, तर रस्त्याच्या कडेला असलेली झाडे सुमारे १ लाख ८५ हजारच आहेत. म्हणजे शहराच्या निम्म्याहून अधिक हिरवाईची देखभाल तुमच्याआमच्या सोसायट्यांच्या हाती आहे. रस्त्यावरील झाडांची छाटणी पालिका करते. पण आवारातील झाडांची छाटणी पालिकेच्या परवानगीने आणि स्वतःच्या खर्चाने संस्थेलाच करून घ्यावी लागते. ती करायची कुणाकडून, हा कळीचा मुद्दा आहे.

एका सोसायटीचा अनुभव

मुलुंडमधील आमच्या सोसायटीचा अनुभव यासाठी सांगण्यासारखा आहे. आवारात तीन जुनी झाडे होती : मागच्या बाजूला रेन ट्री म्हणजेच पर्जन्यवृक्ष, ‘अ’ विंगच्या दिशेने कललेला आंबा आणि फाटकाशी दरवर्षी लालभडक फुलणारा गुलमोहर. २०१९ मध्ये एका ठेकेदाराने पर्जन्यवृक्षाचा सगळा विस्तार वरून सपाट कापून त्याला अक्षरशः बोडके केले. ‘आता पाच वर्षे बघायला नको,’ असे तो म्हणाला. वर्षभरात कापलेल्या टोकांवर धुमाऱ्यांचे झुपके फुटले आणि झाड पुन्हा हिरवेगार झाले. आम्हाला वाटले, छान झाले! १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा बसला आणि त्यातलेच दोन जाड धुमारे मुळापासून उखडून दुचाक्यांवर पडले. सुदैवाने कुणी तिथे नव्हते.

त्यानंतरच्या सभेत पर्जन्यवृक्ष आणि कललेला आंबा, दोन्ही तोडण्याचा ठराव येऊ घातला होता. गुलमोहराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो तर साऱ्यांचा लाडका. सचिवांनी मात्र आग्रह धरला की निर्णयापूर्वी एका प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. तो आला, अर्धा दिवस फिरला आणि त्याने जे सांगितले त्याने सगळेच चकित झाले. आंबा सुदृढ होता. लहानपणापासून उजेडाकडे झुकत वाढल्यामुळे तो कलला होता आणि त्याच्या मुळांनी तो भार पेलण्यासाठी स्वतःला घट्ट केले होते. पर्जन्यवृक्षाचे धुमारे दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने विरळ केले तर तो सावरण्यासारखा होता. धोका होता तो गुलमोहराचा. त्याच्या बुंध्याशी, जमिनीलगत, तपकिरी कडक अळंबी उगवली होती. लाकडी हातोडीने ठोकल्यावर खोड पोकळ वाजत होते आणि फरसबंदी करताना एका बाजूची मुळे कापली गेली होती. त्याच गुलमोहराखाली सकाळी शाळेच्या बसची वाट पाहत मुले उभी राहत.

रीतसर परवानगी घेऊन तो गुलमोहर उतरवला गेला. बुंधा कापल्यावर आत भुसा झालेला आढळला. सालीलगत जेमतेम चार बोटे लाकूड शिल्लक होते. ज्या झाडांना आम्ही तोडायला निघालो होतो ती आज उभी आहेत आणि ज्याला कुणी हात लावू दिला नसता तेच पडण्याच्या बेतात होते.

वृक्षतज्ज्ञ म्हणजे कोण?

माळी बाग राखतो, नारळ उतरवणारा सराईतपणे झाडावर चढतो, तोडणारा ठेकेदार करवत चालवतो. या साऱ्यांची कामे महत्त्वाचीच आहेत. पण झाडाचे निदान करणे ही वेगळी विद्या आहे. मोठ्या वृक्षाची रचना, रोग, मुळे आणि लाकडाचे बळ यांचा अभ्यास करून काय करावे व काय करू नये हे सांगणाऱ्या व्यक्तीला ‘आर्बोरिस्ट’ म्हणतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली संस्था अनुभव आणि परीक्षा यांच्या आधारे प्रमाणपत्र देते. दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि प्रमाणपत्रधारकाचे नाव संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येते. भारतात असे प्रमाणित तज्ज्ञ अजून थोडे आहेत. ते न मिळाल्यास उद्यान खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी, वनशास्त्राचे किंवा उद्यानविद्येचे पदवीधर अथवा वनस्पतिशास्त्राचे अनुभवी प्राध्यापक यांचा सल्ला घ्यावा. मात्र सल्ला लेखी असावा आणि शक्यतो सल्ला देणारा व तोडणारा एकच नसावा. झाड पाडण्यावर ज्याची कमाई अवलंबून आहे, त्याला प्रत्येक झाड धोकादायक दिसण्याची शक्यता असते.

तज्ज्ञ काय पाहतो?

पाहणी मुळांपासून सुरू होते. झाडाची मुळे बुंध्याखाली खोलवर गेलेली असतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात. त्यामुळे पाण्याच्या टाकीसाठी, केबलसाठी वा गटारासाठी खणलेला चर कित्येक वर्षांनी झाड पाडतो आणि दोष मात्र वाऱ्याला दिला जातो. बुंध्याभोवती थेट सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवल्यास मुळांना हवा-पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी. निदान तेवढे आळे प्रत्येक सोसायटीने मोकळे ठेवायला हवे.

त्यानंतर खोड पाहिले जाते. जमिनीलगतची अळंबी, सालीतून गळणारा काळपट द्रव, पोखरणाऱ्या किडीचा भुसा, दोन फांद्यांच्या बेचक्यातील उभी भेग, बुंध्याच्या एका बाजूला उचललेली माती ही सारी लक्षणे बोलकी असतात. मात्र ढोली दिसली म्हणजे झाड संपले, असे नव्हे. बाहेरच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक-तृतीयांश असेल तर झाड बहुधा उभे राहू शकते, असा एक स्थूल ठोकताळा आहे. शंका असल्यास लाकडातून जाणाऱ्या ध्वनिलहरी मोजणारे किंवा बारीक सुई खोडात शिरवून विरोध नोंदवणारे यंत्र वापरले जाते.

शेवटी पाहायचे ते झाडाखाली काय आहे. तीच वाळकी फांदी मोकळ्या मैदानावर असेल तर निरुपद्रवी, पण बाकावर किंवा फाटकावर असेल तर धोक्याची. अनेकदा बाक हलवणे हा झाड तोडण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय ठरतो.

नारळाचे गणित वेगळे आहे. त्याला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की झाड गेले. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा आतून पोखरतात तेव्हा बाहेरून फारसे कळत नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरमध्ये रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्यासाठी आधी अर्ज झाला होता, हे नंतर पुढे आले. वरवरच्या पाहणीवर विसंबणे किती महागात पडते, याचे ते दुःखद उदाहरण आहे.

योग्य छाटणी आणि अयोग्य छाटणी

झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. या भिंती उभारण्याची शक्ती तिच्यात असते. म्हणून कापायचे ते त्या वळीच्या किंचित बाहेर, ना खोडाला चिकटून, ना लांब खुंट ठेवून. जड फांदी आधी खालून थोडी, मग वरून आणि शेवटी वळीपाशी अशी तीन टप्प्यांत कापतात, म्हणजे साल सोलून निघत नाही. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासण्याची आपली जुनी सवयही सोडायला हवी. त्याने कूज थांबत नाही.

एका वेळी हिरव्या पर्णसंभाराच्या एक-चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये. जुन्या झाडाचा तर त्याहूनही कमी काढावा. शेंडा सपाट कापल्यास झाड उपासमारीने घाईघाईत धुमारे फेकते. ते आतल्या लाकडातून नव्हे, तर वरच्या थरातून फुटतात. म्हणून वजन वाढले की निखळतात. आमच्या पर्जन्यवृक्षाचे नेमके हेच झाले.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रातील शहरांना १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. या कायद्यात झाड ‘तोडणे’ याचा अर्थ केवळ मुळापासून कापणे असा नाही. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. त्यामुळे ‘आम्ही फक्त फांद्याच छाटल्या’ हा बचाव टिकेलच असे नाही. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि पाहणीनंतर परवानगी मिळते. विनापरवाना तोडीसाठी दंड आणि कारावास, दोन्हींची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावून ती जगवण्याचे बंधन घातले. अर्जासोबत तज्ज्ञाचा छायाचित्रांसह अहवाल जोडल्यास अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. दिल्लीत १९६४ मध्ये रस्त्यालगतच्या झाडाची फांदी पडून एका स्कूटरस्वाराचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. झाडांची वेळोवेळी पाहणी करून ती धोकादायक नाहीत याची खात्री करणे हे तिचे कर्तव्य होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. धोका ठाऊक असून स्वस्थ बसणाऱ्या सोसायटीनेही यातून बोध घ्यावा. त्याचप्रमाणे पक्ष्यांची घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. एप्रिल ते जून हा कावळ्यांच्या विणीचा काळ असल्याने पावसाळ्यापूर्वीच्या घाईच्या छाटणीआधी घरटी तपासणे आवश्यक आहे. पाहणी पावसाळा संपताच आणि छाटणी हिवाळ्यात केली तर ही ओढाताण बरीच टळते.

काम देण्यापूर्वी

ठेकेदार नेमताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात :

- कोणते झाड, कोणत्या फांद्या, कुठवर कापायच्या, याचा तपशील. ‘झाडे साफ करणे’ एवढ्या मोघम शब्दांवर काम देऊ नये.
- कामगारांचा विमा, हेल्मेट, सुरक्षापट्टा आणि दोरखंड. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी संस्थेवरही येऊ शकते.
- वीजतारा जवळ असल्यास वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेण्याची जबाबदारी कुणाची.
- फांद्या दोराने बांधून उतरवणार की तशाच पाडणार. इमारतींच्या दाटीत दुसरा मार्ग चालत नाही.
- पाचोळा आणि लाकूड यांची विल्हेवाट परवानगीतील अटींनुसार कोण लावणार.

खर्च झाडाची उंची, खालची जागा आणि क्रेन लागते की नाही यावर ठरतो. म्हणून किमान दोन-तीन ठिकाणची दरपत्रके मागवावीत आणि सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. ‘फुकट तोडून देतो, लाकूड तेवढे आमचे’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. त्याला तुमच्या सुरक्षिततेशी नव्हे, लाकडाच्या वजनाशी कर्तव्य असते. झाड पडण्याच्या बेतात असेल तर मात्र दरपत्रकांची वाट न पाहता खालचा भाग रिकामा करून मुंबईत १९१६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

इमारतीची संरचनात्मक तपासणी आपण आता निमूटपणे करून घेतो. आवारातील झाडांची तपासणीही तितकीच नियमित व्हायला हवी. आमच्या फाटकाशी आता बहाव्याचे रोप लावले आहे. बसची वाट पाहणाऱ्या मुलांवर सावली धरायला त्याला अजून बरीच वर्षे लागतील. तोवर त्याच्या आळ्यात सिमेंट जाणार नाही, एवढे पाहणे आमच्या हाती आहे.