नावेसाठी गाडी निवडताना काठ पाहा, डांबरी रस्ता नव्हे

वऱ्हाड म्हणजे कापूस, तूर अन् संत्री. इथे नावेचे काय काम, असे बाहेरचा माणूस विचारील. तुम्ही विचारणार नाही. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा, अंजनगावकडचे शहानूर, चांदूर बाजारकडचे विश्रोळीचे पूर्णा, बार्शीटाकळी तालुक्यातले महानचे काटेपूर्णा, तेल्हाऱ्याकडचे वान. अमरावती-अकोल्यात धरणांची कमी नाही. त्या पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्था पोट भरतात, आणि पावसाळ्यात नद्या-नाले फुगले की तेच पाणी गावाच्या दारात येते.

पाणी दारात आल्यावर काय होते, हे या भागाला सांगायला नको. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेचा पूर मोवाडात शिरला आणि २०४ माणसे गेली. मोवाड नागपूर जिल्ह्यात, पण वरुड तालुक्याला लागून; त्या पुराच्या आठवणी अलीकडच्या काठावरही अजून निघतात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. त्याच वर्षी जुलैत मोर्णेचे पाणी अकोला शहराच्या वस्त्यांत घुसले होते. अशा वेळी शोध घेणाऱ्या पथकाला आपली नाव घेऊन पाण्यापर्यंत पोचावे लागते. नाव असणे वेगळे आणि ती वेळेवर पाण्याला लागणे वेगळे. नाव असते तालुक्याला किंवा संस्थेच्या शेडमध्ये, पूर असतो गावात. मधल्या वाटेवर सारी मदार असते ती गाडीवर.

म्हणून संस्था असो, ग्रामपंचायत असो की गावातले तरुण मंडळ, नाव ओढायला गाडी ठरवताना नीट विचार करायला हवा. ‘हॉर्सपॉवर किती’ हा प्रश्न सगळे विचारतात. पण खरा प्रश्न तो नाही.

आधी वजन मांडा

कागद-पेन्सिल घ्या. पाच-सहा मीटर लांबीची फायबरची नाव धरू साधारण ३५० किलो. तिच्यासाठी दोन चाकी लोखंडी गाडा २०० किलो. मोटार आणि तेल मिळून ८० किलो. दोर, जाकिटे, जाळी, वल्ही असे किरकोळ सामान ७० किलो. बेरीज झाली ७०० किलो. तुमच्या नावेचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच.

आता हे ७०० किलो सपाट डांबरी रस्त्यावर ओढायला किती जोर लागतो? हवा भरलेल्या चाकांवर जेमतेम १५-२० किलोचा. दोन माणसे ढकलून नेतील. तीच नाव काळ्या मातीच्या ओल्या काठावरून वर काढायची म्हटली तर गणित पालटते. सहा फुटांत एक फूट चढ असेल तर नुसत्या चढाला वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ११५ किलो लागतात. चिखलात चाक रुतते, त्याचे वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके, १४० किलो, आणखी धरा. झाले अडीचशेच्या वर. डांबरीवर पंधरा लागले, काठावर अडीचशे!

वीस किलोमीटर रस्ता कोणतीही गाडी काढते. अडते ती शेवटच्या दोनशे पावलांत. म्हणून गाडीची निवड त्या दोनशे पावलांवरून करायची.

आपली माती ओळखा

कन्हार जमीन पावसात कशी होते, ते तुम्हाला काय सांगावे? पांदणीतून चालताना पायाला शेर-शेर माती चिकटते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट भागातल्या खारपाण पट्ट्यात तर त्याहून वाईट. तिथल्या मातीत सोडियमचे क्षार आहेत. पाणी मुरत नाही, वरचा थर साबणासारखा निसरडा होतो. चाकाच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत लाटण्यासारखा फिरत राहतो. इंजिनात जोर कितीही असो, जमिनीने धरून ठेवले नाही तर तो जोर वाया जातो.

धरणाच्या बुडीत क्षेत्रातला काठ आणखी फसवा. पाणी उतरले की वरून पापडी धरलेली दिसते, खाली गुडघाभर गाळ असतो. गाडी घालण्याआधी माणसाने चालत जाऊन काठीने टोचून पाहावे. काठी हातभर सहज गेली तर तिथे चाक घालायचे नाही.

कोणती गाडी कशाला चांगली?

मोटारकार: बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाके ओढतात. मागे हुकावर वजन पडले आणि चढ लागला की पुढचा भाग हलका होतो आणि नेमकी ओढणारी चाके घसरतात. नावेसाठी ही गाडी नको.

पिकअप: रस्त्याला उत्तम. वेग चांगला, दिवे-ब्रेक चांगले, गावोगावी मिस्त्री. पण रिकाम्या पिकअपची मागची चाके हलकी असतात आणि ओढतात तीच. काठावर न्यायची असेल तर हौद्यात वाळूची पाच-सात पोती टाका, फरक लगेच दिसेल. रबरी नाव असेल तर ओढण्याची गरजच नाही. हवा काढा, गुंडाळा, मोटारीसह हौद्यात टाका आणि काठावर पायपंपाने फुगवा.

फोर व्हील जीप: चारही चाके ओढतात, म्हणून चिखलात उजवी. मात्र जुनी जीप घेताना फोर व्हीलचा गिअर खरोखर पडतो का, पुढची चाके फिरतात का, ते चिखलात घालूनच पाहा. वर्षानुवर्षे न वापरल्याने तो बहुधा गंजलेला असतो.

ट्रॅक्टर: ३५-४५ हॉर्सपॉवरचा, गावात असतो तोच. मागे वजन, मोठी खाचांची चाके, लहान गिअर, डिफरन्शिअल लॉक. काठाच्या कामाला याला तोड नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नौका पाण्यात न्यायला पूर्वी आसपासच्या शेतकऱ्यांचे घोडे जुंपत. १९२० साली हन्स्टन्टन येथे ट्रॅक्टरने नौका ओढून पाहिली आणि पुढे घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. उणीव एकच, वेग. ताशी २५ किलोमीटरने वीस किलोमीटर जायला पाऊण तासाच्या वर जातो. पुरात पाऊण तास फार झाला.

यातून निघणारा मार्ग सरळ आहे. सहा-सात किलोमीटरच्या आत काम असेल तर ट्रॅक्टरच. लांबून आणायची असेल तर रस्त्याला पिकअप आणि काठाला गावातला ट्रॅक्टर. एकाच गाडीकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवली की पैसा जास्त जातो आणि काम अर्धे होते. पण त्यासाठी नावेच्या गाड्याची कडी पिकअपच्या हुकाला आणि ट्रॅक्टरच्या पिनेला, दोन्हींना बसली पाहिजे. भोकाचा व्यास आणि हुकाची उंची उन्हाळ्यातच मोजा, वेल्डरकडून जोडकडी करून घ्या. ऐन पुरात कडी बसत नाही म्हणून नाव रस्त्यावर उभी राहायला नको.

उलाळ नको, धुरजडही नको

बैलबंडी भरणाऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. मागे जास्त भरले तर बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरले तर धुरजड होते, बैलांच्या मानेवर येते. नावेचेही तसेच. मोटार मागच्या टोकाला असते, म्हणून नावेचा गाडा मुळातच उलाळ व्हायला पाहतो. असा गाडा वेगात शेपटीसारखा डुलतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत ओढून नेतो.

एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर असावा. ७०० किलोच्या गाड्याची कडी उचलताना ७० किलोचा भार हाताला लागला पाहिजे. नाव पुढे-मागे सरकवा, तेलाचा डबा पुढे ठेवा, पण हे साधा. दोन जणांनी कडी उचलून पाहिली तरी अंदाज येतो.

ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड

७०० किलो मागून ढकलत असताना उतारावर गाडी थांबली पाहिजे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. मागच्या गाड्याला ब्रेक नसेल तर ताशी ३०-४० च्या वर जाऊ नये, पावसात त्याहून कमी.

ट्रॅक्टरवाल्यांनी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. रस्त्यावर येताना डावा-उजवा ब्रेक एकत्र जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. दुसरे, दोर किंवा साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. वर टॉप लिंकच्या जागी बांधून जोर लावला तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. आणि तिसरे, पिनेला खालून क्लिप आणि सोबत सुटी साखळी हवीच.

चाक पाण्यात घालू नका

नाव उतरवायला ट्रॅक्टर थेट पाण्यात घालायची पुष्कळांना हौस असते. चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी गेले की ग्रीस जाते, गिअरचे ऑइल दुधासारखे पांढरे होते आणि महिनाभराने खर्च समोर येतो.

दुसरे कारण मघाच्या हिशेबात आहे. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास. तो चढावर असेल तर स्वतःला वर चढवायलाच त्याला तीनशे किलोच्या वर जोर लागतो, मग नावेचे अडीचशे. ओल्या कन्हारीत तोही घसरेल. तोच ट्रॅक्टर वर सपाट, टणक जागी उभा करा आणि तीस-चाळीस मीटर रस्सा टाकून नाव ओढा. आता त्याला फक्त नावेचा भार. हीच युक्ती पिकअपलाही चालते. रस्सा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तुटलेला रस्सा पाय मोडतो. चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे नेहमी गाड्यातच ठेवावेत.

कागद सरळ असू द्या

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे गाडीने ओढायचा ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. गावात वेल्डिंग करून गाडा बनवण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. विम्याच्या कागदात ओढणारे वाहन आणि ट्रेलर दोन्हींचा उल्लेख आहे का, ते वाचा. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने लावला किंवा ट्रॉलीत माणसे बसवली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडकते. नावेतही ओढताना कोणी बसायचे नाही, पोरेसोरे तर नाहीच.

भरवशाची गाडी कोणती?

जुनी गाडी घेत असाल तर सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागते का पाहा. चढावर उभी करून हँडब्रेक ओढा आणि सरकते का बघा. हूक जिथे चेसीला बसवला आहे तिथे खाली वाकून भेगा, नवे वेल्डिंग, गंज शोधा. चढावर क्लच घसरतो का, जळका वास येतो का, तपासा. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे मोजू नका.

पण सगळ्यात मोठी कसोटी साधी आहे. जी गाडी रोज चालते तीच रात्री दोन वाजता चालू होते. वर्षभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या नव्या गाडीची बॅटरी ऐन वेळी बसलेली असते, टायरमध्ये हवा नसते. त्यापेक्षा वावरात रोज राबणारा, गावातला मिस्त्री ज्याचा आवाज ऐकून दुखणे सांगतो असा जुना ट्रॅक्टर बरा. ज्या गाडीचा सुटा भाग मिळायला नागपूर गाठावे लागते, ती कितीही देखणी असली तरी या कामाची नाही.

सरपंच मंडळींनो, यासाठी फार निधी लागत नाही. मे महिन्यात ग्रामसभेत दोन-तीन ट्रॅक्टरमालकांची नावे ठरवा. किल्ली कुठे असते, चालक कोण, तो नसला तर दुसरा कोण, डिझेल कोण देणार, हे लिहून ती यादी पंचायतीच्या फलकावर आणि पोलीस पाटलाकडे ठेवा. मृगाच्या आधी एकदा नाव गाड्यावर चढवून काठापर्यंत न्या, उतरवा, परत आणा. घड्याळ लावून पाहा किती वेळ लागतो. कुठे अडले ते कळेल, आणि ते पूर येण्याआधी कळलेले बरे.