दिवेलागणीची दहा मिनिटे

संध्याकाळी पोर्ट लुईसहून घरी परतणाऱ्याची काय अवस्था होते, हे आम्ही सांगायला नको. रस्त्यावर मोटारींची रांग, घरी मुलांचा अभ्यास, टेलिव्हिजनचा आवाज आणि हातात सतत वाजणारा फोन. चहा संपण्याआधीच क्षुल्लक कारणावरून शब्दाने शब्द वाढतो. मनःशांती सर्वांनाच हवी असते, पण तिच्यासाठी वेळ मात्र कुणालाच नसतो.

आमच्या आजीला तरी वेळ कुठे होता? ऊसतोडणीच्या दिवसांत ती पहाटे अंधारातच मळ्यावर जाई. तरीही दिवेलागणीला हातपाय धुऊन ती सांजवात लावी आणि समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांतले पाच-सहा श्लोक म्हणे. तिला अक्षरओळख नव्हती. आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून आलेल्या पूर्वजांनी पुष्कळसे धन असे तोंडपाठच आणले होते.

हे श्लोक एकंदर २०५. वृत्त भुजंगप्रयात, प्रत्येक ओळीत १२ अक्षरे. समर्थ (१६०८–१६८१) त्यांत मनाला दटावून गप्प बसवीत नाहीत. त्याला सज्जन म्हणून हाक मारतात आणि समजावतात. हट्टी मुलाला आजी समजावते, तसेच.

याची किंमत आम्हाला उशिरा कळली. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून आमचे व धाकट्या भावाचे बिनसले. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून आम्ही तीन वर्षे बोललो नाही. रात्री झोप येईना. मनातल्या मनात त्याला उत्तरे देत आम्ही कूस बदलत असू.

एका संध्याकाळी वीज गेली. मुलीने दिवा लावला आणि म्हणाली, “बाबा, पणजी म्हणायची ते म्हणा ना.” आम्ही सुरुवात केली आणि चौथ्या श्लोकावर अडलो. पुस्तक कपाटात होते. तरी आम्ही उठलो आणि भावाच्या दारी गेलो. त्याने क्षणभर पाहिले, मग म्हणाला, “दादा, आत ये.” पुढची ओळ त्याला येत होती.

वाटणीचे कागद अजून नोटरीकडेच आहेत. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली.

यात चमत्कार काही नाही. २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना व ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. म्हणजे शेजारची क्रिओल आजी जपमाळ घेऊन बसते तेव्हा तिला जे लाभते, तेच आपल्या आजीलाही लाभत होते. संथ म्हणताना श्वास लांबतो, आणि श्वासामागून मनही थांबते.

दुःख खोल असेल तर डॉक्टरांकडे अवश्य जावे. श्लोक हे औषध नव्हे. पण रोजच्या धकाधकीसाठी दहा मिनिटे पुरेत. टेलिव्हिजन बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दिवा लावा. मुलांना मराठी अडखळत येत असेल तर एकच श्लोक घ्या आणि महिनाभर तोच म्हणा.

आणि एखादी ओळ विसरलात, तर ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्यालाच विचारा.