वाघाची हमी

गेल्या वर्षी पाठीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सौ. म्हणाली, "अहो, बरी झाले तर एकदा जंगल दाखवा." ती बरी झाली आणि आम्ही ताडोबाला जायचे ठरवले.

पहिला एजंट म्हणाला, "काका, वाघ शंभर टक्के!" आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले, जो फार हमी देतो त्याचे कागद पुन्हा पाहावेत, एवढे कळते. मी चहा संपवून उठलो.

दुसरीने आधी आम्हालाच प्रश्न विचारले. पाठीचे ऐकून म्हणाली, "काकू, जिप्सीत हादरे बसतात. दिवसाला एकच फेरी करा. मंगळवारी कोअर बंद असतो, जुलै ते सप्टेंबरही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता जास्त. पण चंद्रपूरचे ऊन तुम्हाला सोसणार नाही. फेब्रुवारीत जा. वाघाचे मात्र मी काही सांगू शकत नाही."

हिच्यावर विश्वास बसला. तरी सगळे लेखी घेतले: प्रवेशशुल्क, जिप्सी आणि गाइड धरून रक्कम किती, गेट कोणते, रद्द केल्यास परत काय. परवान्यावरची नावे ओळखपत्राशी ताडून पाहिली. मग निर्धास्त झालो.

मोहर्लीच्या गेटमधून दोनदा आत गेलो. वाघ दिसला नाही. वाटेवरच्या धुळीत त्याचा ताजा पंजा उमटला होता. सौ. जिप्सीतूनच वाकून बराच वेळ पाहत राहिली.

परतताना मी विचारले, "वाघ राहिला ना?"

"राहू दे," ती म्हणाली, "पाठ दुखली नाही, बघा."