वाऱ्यावरचा हिशेब

सध्या आमच्या भागात एक नवंच खूळ आलंय. गच्चीवर छोटी पवनचक्की बसवायची, तिच्यावर बॅटरी चार्ज करायची आणि विजेच्या बिलाला रामराम ठोकायचा! एका मेळाव्यातल्या स्टॉलवर बायकांनी ही चक्की पाहिली आणि पुढच्याच बैठकीत आमच्या बचत गटाकडे तिच्यासाठी कर्जाचे दोन अर्ज आले. एक पेठेत राहणाऱ्या वहिनींचा, दुसरा पठारावरच्या वस्तीतल्या मावशींचा. प्रत्येकी चाळीस हजार. महिन्याचे शंभर-शंभर रुपये घालून साठवलेला पैसा हा. तो द्यायचा तर आधी वारा किती आहे ते पाहायला नको का?

मी कला शाखेची. व्होल्ट-वॅट म्हटलं की पूर्वी पोटात गोळा यायचा. पण या विषयातली मेख एकच आहे आणि ती कुणालाही कळेल अशी आहे. वारा दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नाही, आठपट होते. आणि वारा निम्मा झाला की ती आठव्या हिश्श्यावर येते! चार फूट व्यासाच्या पात्यांची चक्की घ्या. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वारा असेल तर ती २०० वॅटच्या आसपास देईल. वारा ५ मीटरवर आला की जेमतेम २५ वॅट. अडीच मीटरला पाती फिरली तर फिरली, बॅटरीत मात्र काहीच जात नाही. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट बहुधा ११-१२ मीटरच्या वाऱ्याचे असतात. एवढ्या वाऱ्यात आपण दोरीवरचे कपडे धावत जाऊन काढतो!

वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र मिळतं, पण डोळ्यांनीही अंदाज येतो. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील तर वारा साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर. रस्त्यावरची धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की साडेपाच ते आठ. गटाने ठरवलं, दोघींनी दोन महिने सकाळ, दुपार, संध्याकाळ वहीत नोंद करायची, मग कर्जाचं बोलू. वहिनींना राग आला. 'लोनला वारा मोजायला लावणारी बँक पहिल्यांदा पाहिली,' म्हणाल्या.

पेठेतल्या वहीत बहुतेक रकाने 'पानं हलतात' एवढ्यावरच थांबले. त्यात नवल नाही. घरं दाटीची, समोर तीन मजली इमारत, मागे चिंच. अशा ठिकाणी वारा सरळ येतच नाही, भोवऱ्यासारखा घुमत येतो आणि पाती नुसती इकडून तिकडे तोंड फिरवत राहतात. जाणकारांचा ठोकताळा असा, की तीनशे फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या वर आणखी किमान तीस फूट चक्की हवी. पेठेत हे कसं जमायचं? शिवाय गच्चीवर खांब रोवला की त्याची थरथर स्लॅबमधून खालच्या खोल्यांत उतरते. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर विचारायलाच नको.

तरीही वहिनींसाठी उदार मनाने हिशेब केला. रात्रंदिवस ५ मीटर वारा वाहतोय असं धरलं. २५ वॅट गुणिले २४ तास, म्हणजे ६०० वॅट-तास. दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त. महिन्याला १८ युनिट. आठ रुपयांनी धरले तरी १४४ रुपये! आणि अॅसिडची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, तिचे काही हजार वेगळेच. ज्या घरात तार आलेली आहे आणि तारेत वीज असते, तिथे बिल वाचवायला म्हणून छोटी चक्की घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत झालंय. वहिनींना बिलच कमी करायचं असेल तर छतावरच्या सौर पॅनेलचा रस्ता मोकळा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठेवलेलं आहे. पवनचक्की त्यात बसत नाही, हे मात्र स्टॉलवाल्याने सांगितलं नव्हतं.

मावशींचं प्रकरण अगदी वेगळं. चाळकेवाडीच्या पठारावर, धुळ्याकडे ब्राह्मणवेलला मोठमोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या काही उगीच नाही. आपल्याकडचा वारा पावसाळ्याचा, जून ते ऑगस्ट जोरात. आणि नेमका तेव्हाच सूर्य रुसलेला असतो. मावशींकडे सौर पॅनेल आहेच, पण आषाढात आभाळ भरलं की दिवे पिवळे पडायचे आणि त्याच दिवसांत झाड पडून लाइन तुटली की आठवडा-आठवडा अंधार. सून बाळंतपणाला आलेली असताना मोबाइल बंद पडला होता, हे त्यांनी सांगितलं तेव्हा बैठकीत कुणी बोललंच नाही.

त्यांच्या वहीत 'धूळ, कपटे, पाचोळा उडतो' हे पानोपानी होतं. आणि त्यांची गरज किती? ९ वॅटचे तीन दिवे चार तास, म्हणजे १०८. दोन मोबाइलचे ३० धरा. सगळे मिळून १४० वॅट-तासही नाहीत. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॅट-तास असतात. अॅसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही म्हणून ६०० धरले, तरी वारा पडल्यावर चार दिवस निभावतं. आफ्रिकेतल्या मलावी देशात २००२ साली विल्यम काम्क्वाम्बा नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने सायकलचे भाग आणि ट्रॅक्टरचा पंखा वापरून चक्की बनवली, ती जगभर गाजली. त्याच्या गावातही तार नव्हती आणि हवे होते ते चार दिवे, रेडिओ.

मावशींना कर्ज दिलं. चक्की घरावर नाही, बांधापलीकडे उंच खांबावर बसवली. खालून अर्थिंग. आता खरं काम बॅटरीचं, आणि ते घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. मी कितीतरी घरांत इन्व्हर्टरची बॅटरी देवघराखालच्या कोनाड्यात पाहिली आहे, वर निरांजन तेवतंय! ती हवेशीर जागीच हवी, गॅस-शेगडीपासून लांब. हात लावण्याआधी धातूच्या बांगड्या, पाटल्या काढाव्यात, मंगळसूत्र आत सारावं. दोन टोकांना एकाच वेळी धातू टेकला तर तो क्षणात लाल होतो. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, नळाचं किंवा फिल्टरचं नाही, आणि चार्ज पूर्ण झाल्यावर, खुणेपर्यंतच. टोकांवर पांढरी बुरशी दिसली तर पुसून व्हॅसलीनचा हात फिरवावा. शंभर-दोनशे रुपयांचा मीटर घेतला तर बॅटरीचं पोट भरलंय का तेही कळतं. लोड काढून काही तास ठेवल्यावर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. तिथेच दिवे आवरते घ्यायचे.

आणखी एक. सौर पॅनेलला बॅटरी भरल्यावर बाजूला करता येतं, ते गुपचूप ऊन खात बसतं. चक्कीचं तसं नाही. तिची वीज घेणारं कुणी नसलं की ती सुसाट सुटते आणि पाती मोडतात. म्हणून जास्तीची वीज जिरवायला हीटरसारखी एक गुंडाळी कंट्रोलरला जोडलेली असते. ही गुंडाळी दरात धरलीय का, हे आधी विचारा. स्वस्त सौद्यातून सगळ्यात आधी तीच गायब होते.

मावशींचा खांब बिजागरीचा आहे. मेमधल्या वळवाच्या आधी चार माणसं लावून तो आडवा करतात, पाती पुसतात, नट आवळतात आणि जूनमध्ये पुन्हा उभा करतात. परवा हप्ता भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, 'ताई, शहरात गेलात तर बेअरिंगचं ग्रीस आणा बरं का, इथल्या दुकानातलं पातळ निघालं.'