कुंचला दुसऱ्याच्या हाती

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण आपल्याकडे घराघरांत मुरलेली आहे. आपले काम आपणच करावे, दुसऱ्यावर टाकले की ते बिघडलेच म्हणून समजा, अशा अर्थाने आपण ती सर्रास वापरतो. घरच्या घरी ब्लाऊज शिवणाऱ्या बाई असोत, कंदील करणारे हौशी गृहस्थ असोत की चार माणसांचा छापखाना चालवणारे मालक, हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी ऐकू येते. बँकेच्या नोकरीत असताना मीही याच पंथाचा होतो. हाताखालच्या अधिकाऱ्याने लिहिलेले पत्र दोनदा खोडून तिसऱ्यांदा स्वतः लिहून काढल्याशिवाय मला चैन पडत नसे. माझी ही खोड मोडली ती पेणच्या एका गणपतीच्या कारखान्याने. त्याची ही गोष्ट.

१९९६ साली माझी बदली पेणच्या शाखेत झाली. रायगड जिल्ह्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. गावात आणि आसपासच्या हमरापूर, जोहे अशा खेड्यांत घरोघर कारखाने. कारखाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे येते. इथला कारखाना म्हणजे कौलारू पडवी, लाकडी फळ्यांच्या मांडण्या आणि मांडणीवर ओळीने बसलेले बाप्पा. एक चतुर्थी झाली की पुढच्या वर्षाची माती भिजते. गुजरातेतून आलेला शाडू मळायचा, साच्यात दाबायचा, जोड मिटवायचे, मूर्ती वाळली की घासून गुळगुळीत करायची, पांढरा हात द्यायचा. मग अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी दागिने. आणि सर्वांत शेवटी डोळे. या कामाला तिथे 'आखणी' म्हणतात. सगळी मूर्ती झाली आणि आखणी चुकली, तर सगळे काम मातीमोल.

आमचे एक खातेदार या कामात नावाजलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. वय अठ्ठावन्नच्या आसपास, हाताखाली सात-आठ माणसे, शिवाय मुलगा आणि सून. वर्षाला बाराशे घरगुती मूर्ती. मळण्यापासून दागिन्यांपर्यंतची कामे वाटलेली होती, पण बाराशे मूर्तींचे डोळे एकटे अण्णा काढत. मुंबईचे व्यापारी अण्णांच्या डोळ्यांसाठीच तर येत.

१९९८ साली गणपती लवकर होते, ऑगस्टच्या अखेरीस. जूनअखेर मी मालाची तपासणी करायला गेलो. बँकेच्या कर्जाला तारण म्हणजे हाच माल. तयार मूर्ती निघाल्या शंभर. उरलेल्या अकराशे कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर. त्यांतल्या निम्म्याअधिक दागिन्यांसकट पूर्ण, फक्त डोळ्यांवाचून बसलेल्या. बाहेर पाऊस, आत ओल. रंगकाम करणारी मुले ठेवायला जागा नाही म्हणून हातावर हात धरून बसलेली.

मी तिथेच कागद काढला. एका मूर्तीच्या आखणीला दहा मिनिटे. अकराशे मूर्तींना एकशे त्र्याऐंशी तास. अण्णांचा हात आणि नजर सकाळच्या उजेडात चार तास स्थिर राही, त्यापुढे नाही. म्हणजे शेहेचाळीस दिवस. आणि टेम्पो तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून मुंबईकडे निघायला हवेत. हातात चाळीस दिवसही नव्हते. इतर धंद्यांत उशीर झाला तर माल पुढच्या महिन्यात खपतो. इथे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मूर्तीला गिऱ्हाईक नाही. ती वर्षभर मांडणीवर बसते आणि तिच्यावरचे व्याज चालू राहते.

"अण्णा, कुणाला तरी शिकवा," मी म्हटले.

"साहेब, पैशांचं गणित तुमचं, डोळ्यांचं माझं," अण्णा म्हणाले. "गेल्या साली एक कारागीर आणला होता. चाळीस मूर्ती दिल्या त्याच्याकडे. चाळीसच्या चाळीस पांढऱ्या करून पुन्हा रंगवाव्या लागल्या. सोपवून उपयोग नाही."

"त्याला दाखवलं होतंत का, कसं करायचं ते?"

"दाखवायचं काय त्यात? बघून कळतं."

मी गप्प बसलो. माझ्याही शाखेत वेगळे काय चालले होते?

जुलैच्या मध्यावर अण्णांचे डोळे आले. पावसाळ्यातली नेहमीची साथ. पण ज्याचा सगळा धंदा डोळ्यांवर, त्याचेच डोळे लाल होऊन मिटले. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस कुंचल्याला हात लावायचा नाही म्हणून बजावले. काळा चष्मा लावून अण्णा ओटीवरच्या खाटेवर बसून राहिले. साडेसहाशे मूर्ती बाकी होत्या.

तेव्हा सूनबाई पुढे आली. शेल्याचे काठ आणि दागिन्यांचे बारीक काम ती करीत असे. "अण्णा, मी बघू का करून?" तिने विचारले. नंतर कळले की दोन वर्षे ती फुटक्या कौलांवर डोळे काढून बघत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता.

अण्णांना दिसत नव्हते, म्हणून नाइलाजाने त्यांना सांगावे लागले. गेली चाळीस वर्षे जे हात करीत होता, ते पहिल्यांदा तोंडाने बोलावे लागले. मी एका संध्याकाळी चौकशीला गेलो तेव्हा हा पाठ चालू होता. "डोळा आधी काढायचा नाही, नजर आधी ठरवायची. बाप्पा पाटावर असतो, माणूस खाली बसतो. नजर किंचित खाली यायला हवी. वरची पापणी एका दमात, श्वास रोखून. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं पाहिजे. सुटं राहिलं, वर पांढरं दिसलं, तर बाप्पा दचकल्यासारखा दिसतो." मध्येच थांबून अण्णा स्वतःशीच म्हणाले, "हे असं आहे होय!" त्यांचे कसब काय होते, ते त्यांनाही त्या दिवशी नव्याने कळत होते.

पहिल्या दिवशी सात मूर्ती झाल्या, त्यांतल्या तीन पुसल्या. चौथ्या दिवशी वीस. मग अण्णांचे डोळे निवळू लागले आणि पंचाईत झाली. ते तिच्या पाठीमागे उभे राहू लागले. तोंडाने काही बोलत नसत, पण त्यांचा श्वास ऐकू आला की तिचा हात कापे.

इथे मला त्या म्हणीतल्या जगन्नाथाचीच आठवण होते. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तीला पुरते हात नाहीत. कथा अशी की मूर्ती घडवणाऱ्याने राजा इंद्रद्युम्नाला बजावले होते, काम पुरे होईपर्यंत दार उघडायचे नाही. आतून आवाज येईना, तेव्हा राजाला धीर निघेना. त्याने दार उघडले आणि मूर्ती तशाच अपुऱ्या राहिल्या. काम सोपवले आणि दारही उघडले, की असे होते.

अण्णांच्या घरी दार बंद केले ते वहिनींनी. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडची आगाऊ रक्कम आणायला म्हणून त्यांनी नवऱ्याला चार दिवस दादरला भावाकडे धाडून दिले. परतले तेव्हा दीडशे मूर्ती तयार होत्या. त्यांतल्या फक्त अकरा अण्णांनी दुरुस्त केल्या. पुढे दोघे मिळून बसले आणि माल वेळेवर गेला.

गोष्ट इथे संपत नाही. जुने एक व्यापारी मूर्ती उचलताना म्हणाले, "अण्णा, यंदा काय डोळे उतरलेत! हात तरुण झाला की तुमचा." त्यांनी उचललेली मूर्ती सुनेच्या हातची होती. अण्णा हसले, पण दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मला हे ऐकून हसू आले होते.

ते फार टिकले नाही. १९९९ च्या जानेवारीत मला कावीळ झाली. महिनाभर अंथरुणावर होतो. शाखा बुडाली असणार, या धास्तीने परत गेलो, तर सगळी खाती जुळलेली, पत्रे वेळेवर गेलेली, माझे टेबल स्वच्छ. कुणी माझ्यावाचून अडले नव्हते. त्या दिवशी मला जे वाटले त्याला आनंद म्हणता येणार नाही. अण्णांचे दोन दिवसांचे मौन मला तेव्हा कळले. काम सोपवताना काम बिघडेल याची भीती आपण बोलून दाखवतो. न बोललेली भीती ही असते की ते बिघडणार नाही.

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. आता तर जोखमीच्या जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान सलग दहा कामाचे दिवस, तेही आगाऊ कल्पना न देता, रजेवर पाठवावे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावा हा. पण मला वाटते, प्रत्येक छोट्या कारखानदाराने अशी रजा स्वतःला द्यावी. काय अडते, एवढे पाहण्यासाठी तरी. जे अडेल, ते आपण कुणाला सांगितलेले नाही असे समजावे.

अण्णांनी त्यानंतर जी वाटणी केली ती मला फार शहाणपणाची वाटते. "जे मला सांगता आलं ते तिचं. जे अजून मलाच उमगत नाही ते माझं," ते म्हणाले. आखणी सुनेकडे गेली. अण्णा रोज संध्याकाळी मांडणीसमोर पाटावर बसून प्रत्येक मूर्तीची नजर तेवढी बघत. मोकळ्या झालेल्या सकाळी ते नव्या मूर्तीचा नमुना घडवू लागले. हे काम त्यांनी कित्येक वर्षे वेळ नाही म्हणून बाजूला ठेवले होते. आणि एक गोष्ट त्यांनी मला न सांगता केली. सुनेला घेऊन ते बँकेत आले आणि म्हणाले, "हिच्या नावानं खातं उघडा. आखणीची मजुरी आता हिची." काम दिले आणि दाम स्वतःकडे ठेवले, तर ते सोपवणे नव्हे, ते लादणे.

अण्णा आता नाहीत. गेल्या वर्षी मुद्दाम पेणला जाऊन आलो. कारखाना सूनबाई चालवते. मी गेलो तेव्हा ती ओटीवर बसली होती, आतल्या मांडणीकडे पाठ करून. आत तिची भाची आखणी करीत होती.

"अशी उलटी का बसलीस गं?" मी विचारले.

"काका, तिचा हात बसतोय अजून," ती हळूच म्हणाली. "तोंड करून बसले, तर माझा हात शिवशिवतो."