तपासणीचा आरंभ भिंतीपासून

गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे वारणाकाठच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते, रस्त्याकडेच्या घरांच्या उंबऱ्यांवर दिवसभर धुळीचा थर बसत राहतो, आणि संगणक ठेवलेल्या खोलीची खिडकी कितीही घट्ट लावली तरी ती धूळ पेटीच्या पंख्यावाटे आत शिरल्यावाचून राहत नाही. गेल्या हंगामात वारणानगरला आमच्या शेजारच्या घरातला संगणक असाच एका सकाळी बंद पडला. कळ दाबली की दिवा लागे, पंखा फिरे. परंतु पडदा काळाच राही आणि पेटीतून थांबून थांबून एक लांब सूर उमटे. घरातल्या मुलीचा महाविद्यालयाचा अहवाल त्यातच अडकला होता. "काका, तुम्ही एकदा बघा ना, बाबा तर भंगारात घालायचा म्हणतायत," असे म्हणताना तिचा आवाज कापरा झाला होता.

हा सूर म्हणजे यंत्राची कैफियतच होय. चालू होताना संगणक प्रथम आपल्या अवयवांची खातरजमा करतो, आणि पडद्यावर काही दाखविण्याइतकेही त्राण नसले तर आवाजाने तक्रार नोंदवितो. त्या सुरांचा अर्थ बनावटीगणिक बदलत असला, तरी पुनःपुन्हा येणारा लांब सूर बहुधा स्मृतिपट्टीकडे, म्हणजे रॅमकडे, बोट दाखवितो. मी प्लग काढला, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरू दिली, दोन्ही टोकांचे चिमटे उघडून पट्टी बाहेर घेतली. तिच्या कडेची सोनेरी पाती काळवंडली होती. मुलीच्या कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबराने ती हलक्या हाताने, बोटांचा स्पर्श होऊ न देता घासली, रबराचा चुरा मऊ ब्रशाने झाडला, आणि दोन्ही चिमटे 'कट्' असा आवाज करीपर्यंत पट्टी सरळ दाबून बसविली. पडदा उजळला.

हा प्रकार मी एवढ्या तपशिलाने सांगतो, कारण संगणक 'गेला' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याचा एखादा सांधाच काय तो ढिला झालेला असतो. आणि ही गोष्ट या परिसराला तर फारच जवळून ठाऊक असावयास हवी. तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या या खोऱ्यात 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील 70 गावे त्याच्या कक्षेत होती, आणि खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने, 40 टक्के राज्याने व उरलेला 10 टक्के वारणेतल्या संस्थांनी उचलावा अशी व्यवस्था होती. उसाची नोंद, खताची उचल, तोडणीची चिठ्ठी, वजनाची पावती हे दप्तर शेतकऱ्याला कारखान्याचा हेलपाटा न घालता गावातच पाहता यावे, हा त्यामागचा हेतू होता. परंतु संगणक खरेदी करणे हे एका दिवसाचे काम आणि तो चालू ठेवणे हे रोजचे, हा भेद लवकरच प्रत्ययास आला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधील संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल फोन देऊन, लघुसंदेशाने वजनाची माहिती मिळविण्याचा प्रयोग केला, आणि तो करण्यामागे संगणकांच्या देखभालीचा व खर्चाचा प्रश्न हे एक ठळक कारण होते. पुष्कळांना त्यात संगणकाचा पराभव आणि मोबाइलचा विजय दिसतो. मला मात्र त्यात ज्यांच्या हाती यंत्र दिले त्यांना ते सांभाळण्याची विद्याही द्यावयास हवी होती, ही उणीव अधिक बोचते.

ती विद्या अवघड नाही; तिला क्रम मात्र आहे. तपासणीचा आरंभ नेहमी भिंतीपासून करावा. त्याच सॉकेटवर टेबलदिवा लावून पाहावा, वायर बदलून पाहावी, स्टॅबिलायझर अथवा यूपीएस मधून काढून पाहावा. यूपीएसमधली 12 व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, आणि वीज गेली की संगणक तत्क्षणी बंद पडू लागला म्हणजे दोष बहुधा तिचाच असतो. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट धरलेला असला, तरी शेतीपंप एकदम सुरू झाले की तो खाली बसतो, हे कोणत्याही गावकऱ्याला मंद झालेल्या दिव्यावरून कळते. पेटीच्या धातूला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे, आणि यंत्राला हात घालण्यापूर्वी वायरमनला बोलवावे.

भिंत निर्दोष ठरली की मग एसएमपीएस. ही पत्र्याची डबी 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून आतल्या अवयवांना पुरविते. ती मेली तर कळ दाबूनही पंखा हलत नाही. दुसरी चांगली डबी जोडून पाहणे हा सर्वांत सुरक्षित दाखला. ती डबी मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरांत विजेचा साठा काही काळ टिकतो आणि तो जीवावर बेतू शकतो. मदरबोर्डावरचे कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी पाहावेत: डोके सपाट असले तर ठीक, फुगलेले अथवा तपकिरी द्रव गळालेले असले तर कारागिराकडे. या शतकाच्या आरंभीच्या काळात सदोष द्रावणामुळे असे कपॅसिटर जगभर फुगले होते, आणि त्या काळातली यंत्रे अजूनही काही घरांत नांदत आहेत.

तारीख वारंवार मागे जात असेल तर 3 व्होल्टचा चपटा सेल बदलावा, एवढेच. दहा मिनिटे चालून यंत्र आपोआप बंद होत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा काढून पाहावा. त्याखालच्या पत्र्यांत नमद्यासारखी बसलेली धूळ हवेला वाटच ठेवीत नाही. ती झाडताना पाते बोटाने धरावे, आणि वाळलेली उष्णतावाहक पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तर मात्र खोडरबर आणि ब्रश बाजूला ठेवून यंत्र ताबडतोब बंद करावे. पुनःपुन्हा चालू करण्याच्या उतावळेपणात आतला मजकूर कायमचा जातो. तेथे जाणत्या माणसाकडेच जावे, आणि मुळात त्याची प्रत आधीच दुसरीकडे असावी.

त्या सकाळी पडदा उजळला तेव्हा मी पेटीचा पत्रा बसवायला घेतला. पण मुलीने मला थांबविले, पेनड्राइव्ह आणला, आणि अहवालाची प्रत उतरून होईपर्यंत तिने मला स्क्रूला हात लावू दिला नाही.